मदत हवी आहे: दादांच्या पायाची आग, बी१२ च्या गोळ्यांनी काहीच फरक नाही

गंगाकाठची (सोमवार, रात्री ११:४०)
दोन महिने झाले गोळ्या चालू आहेत, फरक शून्य. दादांच्या पायाची रात्रभर आग होते, आई ओला पंचा गुंडाळत बसते. डॉक्टर म्हणतात नसांच्या गोळ्या आहेत, चालू ठेवा. किती दिवस? एका पाकिटाला दोनशेच्या वर जातात. बंद केल्या तर चालतील का? की सरळ इंजेक्शनं घ्यायची? कुणी घेतली असतील तर पटकन सांगा. जुने धागे शोधले, सगळे गुडघेदुखीवर आहेत.

टवाळ_टोळ (११:५२)
दादा किती वर्षांचे? लग्न झालंय का? वहिनी कुठे आहेत, आईच का पंचा गुंडाळते?

गंगाकाठची (११:५५)
दादा म्हणजे वडील! आमच्याकडं वडलांना दादाच म्हणतात. वय ६७. शुगर आहे.

लातूरचा_केमिस्ट (मंगळवार, सकाळी ७:१०)
शुगर आहे हे आता सांगताय होय. बरं, शुगर किती वर्षांपासून? तीन महिन्यांची सरासरी किती? शुगरची कोणती गोळी चालू आहे? आणि "बी१२ ची गोळी" म्हणजे नेमकी कोणती? ब्रँडचं नाव नको, पाकिटाच्या मागं बारीक अक्षरात जे छापलंय ते टाका. मिथाइलकोबालामिन, म्हणजे बी१२, लिहिलेल्या ढीगभर गोळ्या आहेत, प्रत्येकीसोबतचं वऱ्हाड वेगळं.

निवृत्त_मास्तर (७:४५)
गोळ्या म्हणजे पाण्यात पैसे. मी स्वतः नांदेडला इंजेक्शनं घेतली, एक दिवसाआड पाच, मग आठवड्याला एक. तिसऱ्या सुईला पायाच्या मुंग्या थांबल्या. इंजेक्शनच घ्या. माझ्या साडूलाही तेच सांगितलं होतं, ऐकलं नाही, आता काठी घेऊन चालतो.

माजघर (८:३०)
ताई, काशाची वाटी आहे का घरात? तळपायाला गाईचं तूप लावून वाटीनं घासा, रोज रात्री वीस मिनिटं. घासताना वाटी काळी पडते. माझ्या सासऱ्यांना आठ दिवसांत झोप लागायला लागली. त्याआधी कोमट पाण्यात मीठ टाकून पाय बुडवून ठेवायचे.

सूक्ष्मदर्शी (९:०५)
माजघर, वाटीबद्दल वाद नाही, घासल्यानं बरं वाटतं. पण पाण्याचं मात्र कृपया सांगू नका. शुगरमुळं ज्यांच्या पायाची जाणीव गेलेली असते त्यांना पाणी कोमट आहे की कढत हे कळतच नाही. पाय भाजून फोड आलेले पेशंट दर हिवाळ्यात बघतो.

धागाकर्तीसाठी: मी अंबाजोगाईला लॅबमध्ये आहे. बी१२ तपासलं होतं का? तपासलं असेल तर गोळी सुरू करायच्या आधी की नंतर?

माजघर (९:२०)
कोमट म्हटलं, कढत नाही.

गंगाकाठची (दुपारी १:१५)
लंच ब्रेकमध्ये लिहितेय. मी संभाजीनगरला असते, दादा-आई गंगाखेडजवळ गावी. भावकीतल्या पोराला फोटो काढायला लावले.

पाकिटावर: मिथाइलकोबालामिन १५०० मायक्रोग्रॅम, अल्फा लिपोइक अॅसिड १०० मिग्रॅ, फॉलिक अॅसिड १.५ मिग्रॅ, पायरिडॉक्सिन ३ मिग्रॅ. रोज एक.
शुगर १२ वर्षं. सरासरी ८.९. मेटफॉर्मिन १००० आणि ग्लिमेपिराइड २ एकत्र असलेली गोळी, सकाळ संध्याकाळ. सकाळी उपाशीपोटी एक पित्ताची.
बी१२ केलं होतं गेल्या महिन्यात. २००० च्या वर. नॉर्मल ९०० पर्यंत असतं ना? मग कमी नाहीच, तर गोळ्या कशाला? हाच माझा प्रश्न आहे.

पुणेरी_परभणीकर (१:४०)
मूळ रोग सोडून फांद्या का छाटताय? डॉ. दीक्षितांची आहारपद्धत घ्या: दिवसातून दोनदा जेवण, ५५ मिनिटांच्या आत, आणि रोज पाऊण तास चालणं. माझी सरासरी ७.८ वरून ६.१ वर आली. शुगर गेली की आग आपोआप जाते.

लातूरचा_केमिस्ट (२:००)
ग्लिमेपिराइड चालू असताना ६७ वर्षांच्या माणसाला स्वतःच्या मनानं दोन वेळचं जेवण सुरू करायला सांगू नका. ती गोळी साखर खाली ओढते, तुम्ही जेवा नाहीतर उपाशी राहा. घाम फुटून शेतात पडले तर? तुम्ही त्या गोळीवर होतात का?

पुणेरी_परभणीकर (२:०६)
मी कोणत्याच गोळीवर नव्हतो.

लातूरचा_केमिस्ट (२:०७)
झालं तर मग.

सूक्ष्मदर्शी (३:३०)
ताई, गोळी सुरू झाल्यावर काढलेला तो आकडा विसरा. भरलेल्या टाकीत काठी घालून "आधी टाकी रिकामी होती का" हे कळत नाही, तसं आहे. आधी कमी होतं की नाही हे त्यावरून सांगता येणार नाही. साधारण २०० च्या खाली कमतरता धरतात आणि २०० ते ३०० ही काठावरची हद्द, पण हे सगळं औषध सुरू व्हायच्या आधीच्या रक्तावर.

दादांचं गेल्या वर्ष-दोन वर्षांत कुठलं ऑपरेशन झालंय? मोतीबिंदू, हर्निया, काहीही? त्याआधी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची साधी तपासणी, करतात. तो कागद शोधा आणि त्यात एमसीव्ही काय लिहिलंय ते सांगा.

निवृत्त_मास्तर (४:१०)
मी सकाळीच सांगितलं इंजेक्शन घ्या. पोटातून बी१२ शोषलंच जात नाही तर गोळी काय करणार?

लातूरचा_केमिस्ट (४:४०)
मास्तर, अर्धं बरोबर. नेहमीच्या वाटेनं शोषण बिघडलं असलं तरी मोठ्या डोसमधला साधारण एक टक्का आपोआप झिरपतो. १५०० मायक्रोग्रॅमचा एक टक्का १५. शरीराला दिवसाला दोनेक मायक्रोग्रॅम पुरतात. म्हणून रोजची मोठ्या डोसची गोळी बहुतेकांना पुरते. कमतरता जबर असेल, नसांवर परिणाम झाला असेल, तर सुरुवातीला इंजेक्शनं देतात, तुम्हाला दिली ती तशीच. पण ते डॉक्टरनं ठरवायचं, साडूनं नाही.

आणि खरी गोष्ट कुणी बोलतच नाही. मेटफॉर्मिन रोज २ ग्रॅम, १२ वर्षं. मेटफॉर्मिन लहान आतड्याच्या शेवटच्या भागात बी१२ शोषू देत नाही. डोस जितका मोठा आणि वर्षं जितकी जास्त, तितकं बी१२ खाली जातं. ब्रिटनच्या औषध नियामकांनी २०२२ मध्ये स्पष्टच सांगितलं की हा दुष्परिणाम दुर्मीळ नाही, चांगला नेहमीचा आहे. वर रोजची पित्ताची गोळी. ॲसिड कमी झालं की अन्नातलं बी१२ सुटं होत नाही. म्हणजे दोन्ही बाजूंनी कोंडी. मेटफॉर्मिन वाईट आहे असं म्हणत नाही, ती बंद बिलकूल करू नका. पण ती चालू असलेल्यांचं बी१२ अधूनमधून बघायला हवं, ते कुणी बघत नाही.

घरात मांस-अंडी?

गंगाकाठची (५:०५)
माळकरी आहेत हो. कांदा-लसूणसुद्धा एकादशीला नाही. दूध मात्र घरचं आहे, पण दादा फक्त चहातलं घेतात.

टवाळ_टोळ (५:१२)
दारू?

गंगाकाठची (५:१३)
माळकरी म्हणजे काय माहीत आहे का तुम्हाला? तंबाखू मळतात तेवढंच.

माजघर (५:४०)
शेवग्याच्या पाल्यात बी१२ भरपूर असतं. रोज भाजी करा.

सूक्ष्मदर्शी (५:५५)
शेवग्यात बी१२ नसतं. कुठल्याच पालेभाजीत नसतं. ते प्राणिज अन्नातच मिळतं, शाकाहाऱ्याला दूध-दही-ताक एवढाच आधार.

पुणेरी_परभणीकर (६:२०)
म्हणजे आता वारकऱ्यांना अंडी खायला लावणार. आमचे आजोबा ९२ वर्षांचे झाले, माळकरी होते, कुठलं बी१२ न् कुठलं काय. ज्वारीची भाकरी आणि घट्ट वरण.

निवृत्त_मास्तर (६:४५)
तेव्हा घरात चार म्हशी होत्या. आता पिशवीचं दूध.

(यापुढचे म्हशी, पिशवीचं दूध आणि ज्वारीच्या भावावरचे ११ प्रतिसाद वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. तिकडे भांडा. – संपादक)

गंगाकाठची (रात्री ९:३०)
फाइल सापडली. मागच्या दिवाळीनंतर मोतीबिंदू झाला होता. हिमोग्लोबिन १०.८, एमसीव्ही १०६. याचा काय संबंध?

सूक्ष्मदर्शी (९:५०)
संबंध आहे. एमसीव्ही म्हणजे लाल पेशीचा सरासरी आकार. ८० ते १०० चालतो. १०६ म्हणजे पेशी फुगलेल्या. दारू नाही म्हणताय. थायरॉइड-लिव्हरनंही होतं, पण शाकाहार, मेटफॉर्मिन आणि पित्ताची गोळी बघता बी१२ वरच संशय जास्त. हा कागद गोळी सुरू व्हायच्या आधीचा आहे, म्हणून २००० वाल्या रिपोर्टपेक्षा याची किंमत जास्त. डॉक्टरांना दाखवलाच नसणार.

गंगाकाठची (९:५४)
नाही. डोळ्यांचा कागद म्हणून वेगळ्या पिशवीत होता.

म्हणजे गोळ्या बरोबर आहेत? मग फरक का नाही?

लातूरचा_केमिस्ट (१०:१५)
कारण बी१२ ही दुखण्यावरची गोळी नाही. कमतरता भरून काढते. नस हळू सुधारते, महिने लागतात, आणि शुगरनं जेवढी बिघडवली आहे तेवढी बी१२ नं परत येत नाही. शुगरची सरासरी ८.९ आहे, तिचं आधी बघा. रात्रीच्या आगीवर वेगळी गोळी देतात. ती दिलीच नव्हती का?

गंगाकाठची (१०:२२)
आईला फोन केला. दिली होती, प्रीगाबॅलिन ७५. आई तिला झोपेची गोळी म्हणते. दादांना रात्री लघवीला उठल्यावर गरगरलं म्हणून दहाव्या दिवशी आईनंच बंद केली. डॉक्टरांना सांगितलं नाही. मला पण आत्ता कळलं.

लातूरचा_केमिस्ट (१०:३०)
ताई!! दोन महिन्यांपासून फरक नाही म्हणताय आणि आगीवरची गोळी दहाव्या दिवशीच बंद. गरगरतं, पाय सुजतात, हे होतं तिच्यानं. कमी डोसनं सुरू करता येते, दुसरीही औषधं आहेत. किडनीचा रिपोर्ट बघून डोस ठरतो. हे जाऊन सांगा आणि आपल्या मनानं पुन्हा सुरू करू नका. आणखी काही चालू आहे का? काढे, टॉनिक, सगळं सांगा.

गंगाकाठची (१०:४१)
कंपाउंडर काका दर रविवारी एक लाल सुई देतात. ताकदीची. ती मी धरलीच नव्हती.

टवाळ_टोळ (१०:४२)
पहिल्या पोस्टमध्ये "की सरळ इंजेक्शनं घ्यायची?" असं कोण विचारत होतं? _/\_

निवृत्त_मास्तर (१०:५०)
लाल म्हणजे बी१२ च!

गंगाकाठची (११:०५)
हो, फोटो आला. मिथाइलकोबालामिन, पायरिडॉक्सिन १००, निकोटिनामाइड.

लातूरचा_केमिस्ट (११:२०)
२००० चा उलगडा झाला. पायरिडॉक्सिन म्हणजे बी६. आठवड्याला एक सुई एवढ्यानं घाबरू नका, पण यात आणखी बी कॉम्प्लेक्सचं टॉनिक मिसळू नका. बी६ जास्त प्रमाणात रोज, महिनोन्महिने गेलं तर तेच नसा खराब करतं. मुंग्या, बधिरपणा, अगदी हीच लक्षणं. मग माणूस म्हणतो वाढलं, आणखी व्हिटॅमिन द्या. माझ्या काउंटरवर हे बघितलंय.

पऱ्हाटी (बुधवार, सकाळी ६:१५)
मी एवढं शिकलेला नाही. एक विचारतो. तुमचे दादा पायात काय घालतेत? चप्पल पायातून निसटली तर कळतंय का त्यांना?

माझं असंच होतं. आग व्हायची, मग हळूहळू आग कमी झाली. मला वाटलं बरं व्हायलंय. ते बरं नव्हतं, पाय मुका व्हायलता. एकदा बसस्टँडवरून घरी आलो तर एकाच पायात चप्पल, पोरं हसायलीत. त्यानंतर कापसाच्या रानात पऱ्हाटीचं खुंट घुसलं, चार दिवस पत्ता नाही. मोज्याला वास आला तेव्हा बायकोनं बघितलं. उजवा अंगठा काढावा लागला. गोळ्याबिळ्यांचं हे लोक सांगायलेत ते बरोबरच असंल. पण आज कुणाला तरी तळपाय बघायला लावा. बोटांच्या बेचकीत पण. उजेडात.

सूक्ष्मदर्शी (७:००)
+१०००. हे सगळ्यात आधी विचारायला हवं होतं, आम्ही आकड्यांत रमलो.

माजघर (७:२५)
वाटीनं घासताना रोज तळपाय बघितला जातोच, तेच म्हणत होते मी.

गंगाकाठची (रात्री ८:५०)
आईनं बॅटरी लावून बघितलं. डाव्या टाचेच्या कडेला बाभळीचा काटा मोडलेला, आत. भोवती पांढरं झालंय. दादा म्हणाले, काटा कधीचा कुणास ठाऊक, मागच्या आठवड्यात बांधावर गेलो होतो अनवाणी. दुखतं का विचारलं तर म्हणाले, दुखत असतं तर सांगितलं नसतं का.

मी पहाटेच्या बसनं निघतेय, परळीवरून अंबाजोगाईला मेडिकल कॉलेजात नेणार आहे. डोळ्यांची पिशवीसुद्धा घेतलीय यावेळी. केसपेपरला किती वेळ लागतो?

सूक्ष्मदर्शी (८:५८)
जितकं लवकर पोचाल तितकं बरं, रांग असते. शुगरचं आणि जखमेचं दोन्ही सांगा. काटा तसाच आहे ना? घरी छेडू नका.

गंगाकाठची (९:०१)
आईनं सुईनं काढला मघाशी. हळद भरली. का?

सूक्ष्मदर्शी (९:०३)
सुई कोणती? सगळा निघाला का? पाय लाल, गरम, सुजलेला आहे का? ताप? असं काही असेल तर सकाळची वाट बघू नका, गंगाखेडला आत्ताच न्या. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी झालंय?

गंगाकाठची (९:०४)
माहीत नाही. आईला फोन लावतेय.