पक्षी गेले नाहीत, झुडपांत बसलेत
"ऑक्टोबर लागला की फीडरवर (पक्ष्यांसाठी दाणे ठेवायचं भांडं) कोणी फिरकत नाही, शेजारच्या मांजराचं काम असणार" असं एकाने म्हटलंय ते काही पटलं नाही बुवा, मांजर बारा महिने तिथेच असतं की. या दिवसांत इकडे ब्रिटनमध्ये हॉथॉर्न, रोवन, ब्लॅकबेरी अशी सगळी झाडंझुडपं फळांनी लगडलेली असतात, मग तुमचे दाणे कोण खाणार! झाडं रिकामी झाली की येतील परत, तोवर फीडर मस्त घासून धुवून वाळवून ठेवा, कारण घाणेरड्या फीडरवरून ट्रायकोमोनोसिस हा पक्ष्यांचा रोग पसरतो आणि मुख्यतः त्यानेच ग्रीनफिंच हे छोटे पक्षी इतके कमी झाले की २०२१ मध्ये ब्रिटनच्या रेड लिस्टमध्ये (सगळ्यात जास्त काळजीच्या पक्ष्यांच्या यादीत) गेले.

आणि रॉबिन या छोट्या पक्ष्याबद्दल कोणी बोललंच नाही, बाकी सगळे गप्प असताना हा पठ्ठ्या गात असतो, आमच्याकडे लेस्टरला तर अंधार पडला तरी दिव्याच्या खांबाखाली चालूच. पण गाणारा नरच असेल असं नाही हं, थंडीत मादीसुद्धा स्वतःची वेगळी हद्द धरून गाते आणि दुसरा कोणी आला की हाणामारी! बाकी नोव्हेंबरात लॉनवर ब्लॅकबर्ड अचानक वाढले तर त्यातले काही स्कँडिनेव्हियातून आलेले पाहुणे असू शकतात, खाली पडलेली सफरचंदं सगळी उचलू नका.