बंदूक विकताना समोरच्याच्या लायसनचा फोटो मागावा का?

प्लेनोकर:
मंडळी, ‘अमेरिकेत जाऊन बंदूक घेतलीस?’ हा तास आईने घेऊन झालाय, तेव्हा तो सोडून बोला. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये इथे डॅलसजवळ सगळेच घेत होते म्हणून मीही एक ग्लॉक १९ पिस्तूल घेतली (ग्रीन कार्ड आहे, दुकानात रीतसर फॉर्म भरून), चारदा नेमबाजीच्या रेंजवर गेलो असेन, तेव्हापासून तिजोरीत पडून. आता पोरगं तीन वर्षांचं झालंय आणि दिसेल ते बटण दाबून बघतं, म्हणून विकायला काढली, ऑनलाइन जाहिरात टाकली. टेक्ससमध्ये दोन खाजगी माणसांनी आपसात विकायला बॅकग्राउंड चेक (घेणाऱ्याला बंदुकीची बंदी आहे का याची तपासणी) लागत नाही. दोघं एकाच राज्यातले हवेत, आणि समोरच्याला बंदी आहे असं माहीत असताना किंवा तशी शंका यायला कारण असताना विकली तर गुन्हा. मी मेसेजमध्ये एवढंच लिहिलं की ड्रायव्हिंग लायसनचा फोटो काढीन आणि एका कागदावर दोघांच्या सह्या. एकाचं उत्तर, ‘कॅश, पार्किंग लॉट, नाव नाही.’ दुसरा चांगला बोलत होता पण फोटो म्हटल्यावर भडकला, दाखवतो म्हणे, फोटो काढू देणार नाही.
माझं म्हणणं, फोटो मागणं रास्त आहे. उद्या ही बंदूक कुठे सापडली तर पोलीस सीरियल नंबरवरून कंपनी, कंपनीवरून दुकान आणि दुकानावरून थेट माझ्या दारात येणार. त्याच्या पुढचा धागा फक्त माझ्याकडे.

बारा बोअर:
तो भडकला ते बरोबरच केलं. मी विकतोही आणि घेतोही, ह्यूस्टनला. तुझ्या फोनात माझं नाव, पत्ता, जन्मतारीख आणि वर ‘याच्या घरी गन आहे’ ही माहिती, चोराला अजून काय पाहिजे? २०१२ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कजवळ जर्नल न्यूज नावाच्या पेपरने परवानाधारकांची नावं-पत्ते चक्क नकाशावर टाकले होते, बोंब झाल्यावर काढले. २०२२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या न्याय खात्याच्या साइटवरून जवळपास १ लाख ९२ हजार लोकांचा डेटा गळला, त्यांनी फक्त परवान्याला अर्ज केला होता. एवढ्या मोठ्या खात्याला सांभाळता आलं नाही ते तू गूगल फोटोजमध्ये सांभाळणार, पोराच्या वाढदिवसाच्या फोटोंशेजारी?

जर्सीवाली:
गळतीचं मान्य. पण दुसरी बाजू बघ ना. २०१२ मध्येच विस्कॉन्सिनच्या ब्रूकफील्डला एका माणसाने सलूनमध्ये बायकोसकट तिघींना मारलं. त्याच्यावर कोर्टाचा मनाई हुकूम होता, दुकानात चेकमध्ये अडकला असता, म्हणून आर्म्सलिस्ट या बंदुकांच्या जाहिरातींच्या साइटवर खाजगी विकणारा शोधला. त्या साइटविरुद्धची केस २०१९ मध्ये विस्कॉन्सिनच्या सुप्रीम कोर्टात उडाली, जाहिरात दुसऱ्याने टाकली तर साइट जबाबदार नाही म्हणून. त्याच वर्षी तुमच्याच टेक्ससमध्ये मिडलँड-ओडेसाला गोळीबार झाला, ७ मेले, गोळ्या झाडणारा तर २०१४ मध्ये चेकमध्ये नापास झालेला आणि मग खाजगीत घेतली. आता सांग, तुझ्या लायसनच्या फोटोत यातलं काय दिसलं असतं? मनाई हुकूम लायसनवर छापत नाहीत. फोटो हा फक्त तुझा पुरावा आहे, समोरचा कोण आहे ते त्यात कळत नाही. दुकानात जा, पंचवीस-तीस डॉलर घेतात, चेक करतात, विषय मिटला.

बारा बोअर:
मिटला कसा? दुकानात गेलास की विकणाऱ्याचं नाव त्यांच्या वहीत, घेणाऱ्याचं ४४७३ नंबरच्या फॉर्मवर. पूर्वी तो फॉर्म २० वर्षं ठेवायचे, २०२२ पासून दुकान चालू असेपर्यंत, आणि दुकान बंद पडलं की खोकी भरून वेस्ट व्हर्जिनियात मार्टिन्सबर्गला, फेडरल सरकारच्या बंदूक-शोध केंद्रात रवाना. १९८६ च्या कायद्यात लिहिलंय की फेडरल सरकारने बंदुकांची नोंदवही करायची नाही. मग ही काय पोथी आहे?

जर्सीवाली:
त्या खोक्यांत नाव टाकून शोधता येत नाही, मुद्दाम तसं ठेवलंय. आणि सरकारला नको पण पार्किंग लॉटमधल्या अनोळखी माणसाला तू तुझी गाडी, नंबर प्लेट, तोंड सगळं दाखवतोस, ते चालतं?

घाटावरचा:
साताऱ्याहून वाचतोय, करमणूक होतीये. इकडे परवान्याची बंदूक विकायची तर घेणाऱ्याचं नाव-पत्ता लिहून जिल्हाधिकाऱ्यांना नाहीतर पोलीस ठाण्याला कळवायचं आणि ४५ दिवस थांबायचं. निवडणूक लागली की आमचे चुलते एकनळी खांद्याला लावून एसटी स्टँडवरून ठाण्यात जमा करायला चालत जातात, वाटेत चार जण विचारतात काय पाटील, रानडुक्कर का? कसली प्रायव्हसी घेऊन बसलात. फक्त एक आहे, आमच्याकडे बंदूक आहे हे सगळ्यांना माहीत म्हणून चोर येत नाही का मुद्दाम येतो, ते अजून ठरलं नाही.

कोथरूड ते ऑस्टिन:
एक राहिलं. आपल्यातले बरेच जण एच-वनवर आहेत आणि त्यांना माहीतच नसतं की नॉन-इमिग्रंट व्हिसावर बंदूक बाळगायलाच बंदी आहे, शिकारीचं वैध लायसन वगैरे ठरावीक अपवाद सोडून. टेक्ससमध्ये अशा लोकांच्या ड्रायव्हिंग लायसनवर ‘लिमिटेड टर्म’ लिहिलेलं असतं. तेव्हा लायसन *बघायचं* नक्की, आणि समोरचा मराठी निघाला म्हणून ‘अरे असू दे’ करायचं नाही. विकणारा तर अडकेलच, त्याचा व्हिसाही जाईल. फोटोचं मला पटत नाही, पण नाव एका कागदावर लिहून तो तिजोरीत टाकायला काय हरकत आहे, कागद हॅक होत नाही.

निळी छत्री:
लायसनचा वाद चालू द्या, पण प्लेनोकर, तुझी जाहिरात सापडली मला दोन मिनिटांत. सीरियल नंबरवर मास्किंग टेप लावलीस, शाबास, आणि मागे गॅरेजमध्ये ॲमेझॉनचा खोका लेबलसकट! झूम केलं तर गल्लीचं नाव वाचता येतंय. फोनचं लोकेशन चालू ठेवून काढला असशील तर फोटोच्या आत घराचा ठिकाणाही असेल, काही साइट तो पुसतात, काही नाही. दुसऱ्याचं लायसन मागतोयस आणि स्वतःचा पत्ता फुकट वाटतोयस.

प्लेनोकर:
बापरे. खोका दिसलाच नव्हता. फोटो बदलला.
बाकी अपडेट, दोघांना सांगितलं की दुकानात भेटू, फी मी भरतो. कॅशवाला गायब. भडकलेला आला, हसत आला, म्हणाला दुकानाला दाखवायला हरकत नाही, तुझ्या फोनला होती. वीस मिनिटांत झालं. बारा बोअर, हो, माझं नाव गेलं त्यांच्या वहीत, तसंही पहिल्या खरेदीपासून मी आहेच त्या यादीत. त्याचा पत्ता मला माहीत नाही, माझा त्याला नाही.
फक्त एक, जाहिरात डिलीट केली तरी जुना फोटो सर्चमध्ये अजून येतोय, खोक्यासकट. तो कसा काढायचा कुणाला माहितीये का?