मदत हवी आहे: सहा वर्षांची मांजर नखं कापायला पंजाच हातात देत नाही

नमस्कार मंडळी. आम्ही कोल्हापुरात, मंगळवार पेठेत राहतो. घर जुनं, कौलारू. चिंगी आमची तिरंगी मांजर, ऑपरेशन झालेली, लसी वेळच्या वेळी. दिवसा घरात लोळते, रात्री कौलांवरून हिंडते. आजवर नखांचा प्रश्नच आला नव्हता. परड्यातल्या शेवग्याचा बुंधा ओरबाडून तिचं ती बघायची.

आता सासूबाईंना रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या सुरू झाल्यात. वयामुळं कातडी नाजूक. चिंगी त्यांच्या मांडीवर बसून पुढच्या पंजांनी कणीक मळत बसते आणि एवढासा ओरखडासुद्धा बराच वेळ वाहतो. उठवायला गेलं की "असू दे गं, दमून आलीय पोरगी" हे वर! डॉक्टर म्हणाले, मांजर लांब ठेवा नाहीतर नखं कापा. पहिलं आमच्या घरात होणे नाही.

कापायची कशी ते वाचलंय. बोट वरून-खालून हलकं दाबलं की नख बाहेर येतं, आतला गुलाबी भाग म्हणजे रक्तवाहिनी आणि नस, त्याच्या अलीकडचं पारदर्शक टोक तेवढं उडवायचं. कात्रीसारखा छोटा कटरही आणलाय. अडचण अशी की डोकं, हनुवटी, अगदी पोटाला हात लावलेला चालतो, पण पंजाला बोट लागलं की पाय आत. पुन्हा धरला की कान मागं आणि शेपटी आपटायला सुरुवात. आमचे हे म्हणतात मानेची कातडी धरून उचलू. मला ते पटत नाही. पिल्लाचं वेगळं, एवढी मोठी मांजर घाबरेल नाहीतर चावेल. दवाखान्यात कापून देतात, पण टोपली, रिक्षा, रस्ताभर तिचं केकाटणं, आणि हे दर दोन-तीन आठवड्यांनी?

पंजा धरायची सवय कशी लावायची? दोन नखं काळपट आहेत, त्यांच्यातलं गुलाबी दिसतच नाही, तिथं किती कापायचं? आणि रात्री बाहेर जाणाऱ्या मांजरीची नखं कापावीत का? शेजारच्या काकी म्हणतात, "कुत्रं मागं लागल्यावर काय करायची ती?" त्यांचं अगदीच चूक नाही.

नखं कायमची काढायचा सल्ला कृपया नको. त्यात बोटाचं शेवटचं हाडच कापतात.

प्रतिसाद

ताई, थोडे दिवस कटर कपाटात ठेवा. जेवून पेंगत असेल तेव्हा पंजावर नुसतं बोट ठेवायचं आणि लगेच उकडलेल्या चिकनचा धागा द्यायचा. बिनमिठाचं हं, रश्श्यातला तुकडा धुऊनसुद्धा नको, कांदा-लसूण मांजरांना विषारी. ती पाय ओढायच्या आधी बोट आपण काढायचं, हे महत्त्वाचं. मग हळूहळू बोट दाबून नख बाहेर काढायचं, पण कापायचं नाही. कटरच्या आवाजाची सवय व्हायला तिच्याजवळ बसून कोरडी शेवई कटकट कापा, आमच्याकडं हे फार कामी आलं. मग एक नख आणि बास. अठराच्या अठरा एका बैठकीत झालीच पाहिजेत असं कुठं आहे?

कापताना तिचं तोंड तुमच्याकडं नको, पाठ तुमच्या पोटाला टेकलेली बरी. कटरची पाती नखाच्या वर आणि खाली यायला हवीत. दोन्ही बाजूंनी चिमटलं की नख चिरतं. काळ्या नखाचा फक्त बाकदार शेंडा, मिलिमीटरभर. रक्त आलंच तर कॉर्नफ्लॉवरमध्ये टोक दाबून काही मिनिटं धरा. तरी थांबलं नाही तर दवाखाना.

अंगठ्याचं नख मात्र विसरू नका. ते जमिनीला टेकत नाही, झिजत नाही, आणि म्हाताऱ्या मांजरांत वळून पंजाच्याच गादीत रुतलेलं मी बघितलंय.

प्रतिसाद

काकींच्या बाजूनं एक मत. गल्लीत कुत्री असतील आणि मांजर रात्री बाहेर जात असेल, तर मी मागच्या नखांना हातच लावणार नाही. चढायला आणि लाथ मारायला तीच लागतात. पुढचीही जेमतेम टोकं. रात्री घरात ठेवता आली तर सगळ्यात उत्तम, पण कौलारू घरात ते कसं जमणार, देव जाणे. नखांवर चिकटवायच्या टोप्या असल्या मांजरीला नकोत, चढताना पकड मिळत नाही.

तोवर आजींच्या मांडीवर वाकळेची चौपदरी घडी टाका की! मळू दे काय मळायचं ते.

आणि ओरखडा छोटा असला तरी साबण लावून वाहत्या पाण्याखाली नीट धुवा आणि डॉक्टरांच्या कानावर घाला. लस झालेली असली तरी.

धागाकर्ती

दोघांचे आभार. वाकळ आजपासूनच, सासूबाईंना उकडलं तर पंखा वाढवू. मागची नखं राहू देते. शेवईवर हे हसतायत, पण आणायला त्यांनाच पाठवलंय. एक राहिलं: टॉवेलात गुंडाळून एकेक पाय बाहेर काढायची पद्धत कुणी केलीय का? की त्यानं झालेली सवयही मोडेल?

प्रतिसाद

गुंडाळलेली आवडली तर ठीक. धडपडायला लागली तर लगेच सोडा, त्या दिवशी पुन्हा धरू नका. आणि अजिबातच जमलं नाही तर जनावरांच्या डॉक्टरांना विचारून आधी देण्याचं शांत करणारं औषध मिळतं. माणसांची झोपेची गोळी चुकूनही नको.