पेटंटची रॉयल्टी कशावर मोजावी: चिपवर की अख्ख्या फोनवर?

धागालेखक, जळगाव
लाव्हा या नोएडाच्या मोबाइल कंपनीने एरिक्सन या स्वीडिश दूरसंचार कंपनीची पेटंट परवान्याविना वापरल्याबद्दल तिला 244 कोटी रुपये द्यावेत, असा निकाल दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2024 मध्ये दिला. हा दावा 2015 चा. मोबाइल दूरसंचाराच्या तंत्रावरच्या आठ पेटंटांपैकी एक अवैध ठरले, सात टिकली. शोध लावणाऱ्याला मोबदला मिळालाच पाहिजे. माझा आक्षेप आहे तो मोजमापाला, कारण फोनच्या निव्वळ विक्री किमतीवर 1.05 टक्के धरले गेले. गोलाणी मार्केटातल्या माझ्या दुकानात रोज फोन उघडले जातात. बोर्डावरची पत्र्याची शील्ड हॉट एअरने उचलली की खाली नखाएवढी चिप दिसते आणि नेटवर्कचे मुख्य काम ती करते. या हिशेबाने 8,000 रुपयांच्या फोनवर 84 रुपये आणि 16,000 च्या फोनवर 168 रुपये होतात. वाढीव किंमत जर कॅमेरा, डिस्प्ले आणि मेमरीची असेल, तर तिच्यातला वाटा एरिक्सनला कशासाठी?

प्रतिसाद, धुळे
भाऊ, रेंज नसेल तर त्याच कॅमेऱ्यातला फोटो पाठवणार कसा? महागड्या फोनला गिऱ्हाईक जास्त पैसे मोजते, ते तो जोडलेला असतो म्हणूनच. शिवाय एरिक्सनचे इतर अनेक कंपन्यांशी परवाना करारही फोनच्या किमतीवर झालेले आहेत. बोलणी वर्षानुवर्षे चालूनही लाव्हाने परवाना घेतला नाही, आणि परवाना घेण्याची तिची खरी तयारीच नव्हती, असे न्यायालयाचेही मत पडले. ज्यांनी वेळेवर पैसे भरले, त्यांच्यावर हा अन्याय नव्हे का?

प्रतिसाद, चोपडा
आम्हा कापूसवाल्यांना हे दुखणे नवीन नाही. बीजी-2 या बोंडअळीरोधक जनुक घातलेल्या कापूस बियाण्याच्या 450 ग्रॅमच्या पाकिटामागे जनुकाचे शुल्क 163 रुपये होते, ते केंद्र सरकारने 2016 मध्ये 49 वर आणले. बियाण्याला जर सरकार दर ठरवून देते, तर फोनला का नाही?

प्रतिसाद, धुळे
त्याच वर्षी ते जनुक देणाऱ्या मोन्सँटो कंपनीने तणनाशकाला दाद न देणाऱ्या पुढच्या कापूस वाणाचा मंजुरीचा अर्ज मागे घेतला, हेही सांगा. गुलाबी बोंडअळी बीजी-2 ला जुमानत नाही, हे आपण शेतात पाहतो आहोत. आजचा दर पाडताना उद्याच्या संशोधनाचे काय, हा विचार नको का?

धागालेखक, जळगाव
सरकारी दर मीही मागत नाही. मला नगामागे ठरावीक रक्कम हवी. ती आपल्याच न्यायालयाने एकदा धरलेली आहे. चिनी सुटे भाग जोडून डीव्हीडी प्लेअर बनवणाऱ्यांविरुद्ध फिलिप्सने केलेल्या दाव्यात, जुलै 2018 मध्ये, मे 2010 पर्यंतच्या नगांना 3.175 डॉलर आणि त्यानंतर पेटंटची मुदत संपेपर्यंत 1.90 डॉलर असा दर लावला गेला. प्लेअर स्वस्त की महाग, हा प्रश्नच उरला नाही.

प्रतिसाद, धुळे
डीव्हीडी प्लेअरचे काम एकच, तबकडी वाचणे. त्यामुळे तिथे नगाचा दर शोभतो. फोनचे तसे नाही. नगामागे सरसकट 80 रुपये ठरले, तर 1,500 च्या बटणाच्या फोनवर पाच टक्क्यांहून अधिक बोजा पडेल. तो फोन घेणारा मजूर आपल्याच भागातला आहे.

धागालेखक, जळगाव
हा मुद्दा मला मान्य आहे. म्हणूनच टूजी, थ्रीजी आणि फोरजी यांना वेगवेगळा नगदर असावा. बटणाच्या फोनमधली चिप साधी असते, तिला शुल्कही तेवढेच लागावे.