'इंटेग्रिटी'ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न (ऐरोली): विमानांतील उपग्रह-दिशादर्शन रिसीव्हरांची तुलना करणाऱ्या एका तक्त्याचे मी मराठी करीत आहे. 'ॲक्युरसी'ला अचूकता, 'कंटिन्युइटी'ला सातत्य आणि 'अव्हेलेबिलिटी'ला उपलब्धता हे शब्द सहज बसले. 'इंटेग्रिटी'पाशी मात्र गाडी अडली. सचोटी घ्यावे की अखंडता?

प्रतिसाद (ठाणे): दोन्ही नकोत. सचोटी माणसाची असते, आणि 'अखंडता' वाचून सातत्यच आठवेल, ज्याचा रकाना आपण आधीच वेगळा केला आहे. येथे अभिप्रेत आहे ते असे, की दाखवलेल्या स्थानावर विसंबू नये अशी वेळ आली तर ते यंत्रणेनेच वेळेत सांगावे. घोडबंदर रस्त्यावर पुलाखालून जाताना फोनमधला निळा ठिपका कधीकधी आपल्याला पुलावर चढवतो आणि तरीही ठामपणे वळण सांगत राहतो. विमानात हा ठामपणा परवडत नाही.

रिसीव्हरांच्या रचनांतील मोठा फरकही येथेच दिसतो. स्थान काढायला चार उपग्रह पुरतात, पाचवा मिळाला की मोजमापे एकमेकांशी ताडून गडबड ओळखता येते, आणि दोषी उपग्रह नेमका वगळायला सहावा लागतो. टीएसओ-सी१२९ या अमेरिकी विमान-उपकरण मानकाच्या जुन्या रिसीव्हरांची भिस्त अशा स्वतःच्या पडताळणीवर असे. सी१४५ आणि सी१४६ मानकांच्या रिसीव्हरांना मात्र भारताच्या 'गगन'सारख्या जीपीएस-पूरक प्रणालीची भूकेंद्रे भूस्थिर उपग्रहांमार्फत दुरुस्त्या आणि इशारे पुरवतात.

म्हणून मी 'भरवसा' सुचवतो. विश्वासार्हता 'रिलायबिलिटी'साठी राखून ठेवावी. 'प्रोटेक्शन लेव्हल'ला, म्हणजे स्थानातील चूक ज्याच्या आत राहील अशी हमी यंत्रणा देते त्या अंतराला, भरवशाची हद्द म्हणता येईल (कक्षा नको, उपग्रहाच्या कक्षेशी गल्लत होईल) आणि 'अलर्ट लिमिट'ला, म्हणजे ही हद्द जास्तीत जास्त किती चालेल त्या सीमेला, इशारा-मर्यादा. एपीव्ही-१ प्रकारच्या, म्हणजे उंचीचेही मार्गदर्शन मिळणाऱ्या, उतरणीसाठी ही मर्यादा आडवी ४० मीटर आणि उभी ५० मीटर असते. भरवशाची हद्द तिच्या बाहेर गेली की तशी उतरण करता येत नाही, मग प्रत्यक्ष चूक दोन मीटरचीच का असेना.

प्रश्नकर्ता: पण 'भरवशाच्या म्हशीला टोणगा' आठवणार नाही का?

प्रतिसाद (ठाणे): आठवू द्या. टोणगा होणार असेल तर तो दहा सेकंदांच्या आत कळवावा, एवढीच तर एपीव्ही-१ची अट आहे.

प्रश्नकर्ता: मग सी१२९च्या रकान्यात असे लिहितो: 'भरवसा: स्वतःच्या पडताळणीने; किमान पाच उपग्रह, अथवा चार आणि दाबमापी उंचीदर्शकाची जोड.'