ड्रॅगन टिकले ते गुणावर की निरुपायाने?

धागालेखक:
डी हॅविलंड या ब्रिटिश कंपनीच्या डीएच ८४ 'ड्रॅगन' या दुहेरी पंखांच्या लाकडी, कापड मढवलेल्या प्रवासी विमानाचे उत्पादन ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धापूर्वीच थांबले होते. तरीही १९४२-४३ मध्ये ऑस्ट्रेलियात सिडनीजवळच्या बँक्सटाउनला अशी ८७ विमाने तिथल्या हवाई दलाच्या प्रशिक्षणासाठी बांधली गेली आणि युद्धानंतर त्यांतली काही लहान कंपन्यांकडे व दुर्गम भागात विमानाने वैद्यकीय मदत पोचवणाऱ्या फ्लाइंग डॉक्टर सेवेकडे गेली. एखाद्या गुराच्या वाड्यालगतच्या मातीच्या पट्टीवर अलगद उतरणारे आणि रुग्णाला स्ट्रेचरसकट घेऊन निघणारे हे विमान त्या देशासाठीच जन्मले होते, असे माझे मत आहे.

प्रतिसाद १:
असहमत. १९४२ साली निवड झाली ती विमानाची नव्हे, इंजिनाची. टायगर मॉथ या प्रशिक्षण विमानासाठी ड्रॅगनलाही चालणारी जिप्सी मेजर इंजिने ऑस्ट्रेलियातच तयार होत होती, तर ड्रॅगनपेक्षा सरस असलेल्या, त्याच कंपनीच्या रॅपिड विमानाला जिप्सी सिक्स हे वेगळे इंजिन लागे; म्हणून जुनाच आराखडा बाहेर काढावा लागला. घरात ज्वारी आहे म्हणून भाकरी थापली, तर त्यावरून ज्वारी गव्हाहून सरस ठरत नाही. पुढे ही विमाने वापरात राहिली, कारण ती आयती हाताशी होती.

धागालेखक:
इंजिनाचा मुद्दा मान्य. (ज्वारीचा मात्र नाही; आमच्याकडे ती आवडीने खातात.) पण निरुपायच असता, तर पर्याय येताच ड्रॅगन बाजूला पडायला हवे होते. त्याच बँक्सटाउनला मुद्दाम त्याच कामासाठी तीन इंजिनांचे, धातूचे ड्रोव्हर हे विमान तयार झाले. ते जेमतेम २० बांधले गेले, त्याची ताकद अपुरी पडली आणि फ्लाइंग डॉक्टरांच्या काही ड्रोव्हरांना नंतर वेगळी इंजिने बसवावी लागली.

प्रतिसाद २:
ड्रोव्हर फसले, याचा अर्थ ड्रॅगन निर्दोष होते असा होत नाही. त्याच्या अरुंद नाकात वैमानिक एकटाच बसतो. ढग दाटले तर नकाशा धरायलाही शेजारी कोणी नसते. १ ऑक्टोबर २०१२ रोजी क्वीन्सलँडमध्ये मोंटोहून निघालेले, १९३४ साली बांधलेले 'रियामा' नावाचे ड्रॅगन ढगांत सापडून बोरुंबा धरणाजवळ कोसळले आणि सहाही जण दगावले. केवळ उपकरणांच्या आधारे उडण्याची पात्रता वैमानिकाकडे नव्हती आणि विमानातही तशी सोय नव्हती.

प्रतिसाद १:
माझा विरोध कायम आहे, पण हे उदाहरण माझ्या बाजूने मोजू नका. तशा ढगांत तशाच तयारीने शिरलेले नवे विमानही सुटले असते, याची खात्री कोण देईल?