जुनी पूल क्यू (टेबलावरच्या पूल खेळाची काठी) घेताना काय बघायचं?

रंकाळा_कट्टा: राजारामपुरीत एक पूल पार्लर बंद होतंय, मालक जुन्या क्यू विकायलाय, ८०० पासून पुढं. मला दोन-तीन चांगल्या जमवायच्यात पण सगळं मिळून ३००० च्या वर जमणार नाही. टेबलावर फिरवून बघितली की वाकडी कळते म्हणतात, तेवढं बास का?

तांबडा_पांढरा: भावा फिरवून बघूनच फसलोय मी. शाफ्ट (पुढचा बारीक भाग) आणि बट (मागचा जाड भाग) सोडवून वेगवेगळं फिरव, मग एक डोळा झाकून बटाकडनं टिपाकडं (पुढच्या चामडी टोकाकडं) बघ, वाक दिसला तर सोड, सरळ करून देतो म्हणणाऱ्याचं ऐकू नको. टिप झिजली असली तर चालतंय, ती बदलता येते, पण तिच्याखालच्या पांढऱ्या फेरूलवर (कड्यावर) नख फिरव, केसाएवढी चीर असली तरी नख अडकतंय. माझी ७०० ची तशीच निघाली, आता आई तिनं जळमटं काढते.

लाल_बॉल: स्नूकरची क्यू पूलची म्हणून गळ्यात मारतील बघा. पूलची टिप साधारण १२-१३ मिमी, स्नूकरची ९-१० च्या आसपास, त्यामुळं पट्टी खिशात घेऊनच जा. स्नूकरची बहुतेक ॲश लाकडाची, अंगावर बाणासारख्या रेषा असतात. आणि घरी भिंतीला तिरकी टेकवून ठेवू नका, आपल्या पावसाळ्यात लाकूड वाकायला वेळ लागत नाही.

रंकाळा_कट्टा: जाऊन आलो. सातातली एकच धड निघाली, ११०० ला घेतली. बाकीच्या आईसाठी आणू का विचारलं, शिव्या खाल्ल्या 😄